आवाज काढून मिळतील

सोमवार, १२ ऑक्टोबर

पाच महिने वहीला हात लावला नाही. माफी वहीची मागावी की स्वतःची, हे ठरवण्यातच पंधरा मिनिटं गेली, तेव्हा दोघींचीही मागते. कारण लिहिलं तर सबब वाटेल, तरी लिहिते. मे महिन्यात कारखान्याने तपासणी विभाग बंद केला. एकोणीस वर्षं मी टेलिफोनचे रिसीव्हर कानाला लावून त्यातली खरखर, घरघर, शिट्टी ओळखत होते आणि कागदावर 'पास' किंवा 'नापास' असा शिक्का मारत होते. आता ते काम एक यंत्र करतं. यंत्र चांगलं आहे. त्याची चाचणी मीच घेतली होती आणि 'पास'चा शिक्काही मीच मारला होता.

सप्टेंबरपासून दिराच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसते. जुन्या रेकॉर्ड्स धुते, त्यातली खरखर, टकटक कमी करून देते. एक टर्नटेबल, एक संगणक, दोन ब्रश, ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन. दीड महिन्यात गिऱ्हाइकं तीन. त्यातल्या एकाला मी सांगितलं की तुमची रेकॉर्ड धुऊन उपयोग नाही, ती झिजली आहे. तो थँक्यू म्हणून गेला. नवरा म्हणाला, "तुला चुका काढायची इतकी सवय आहे की गिऱ्हाइकालाही नापास करतेस." खोटं बोलायचं होतं का? पण तो म्हणतो त्यातही तथ्य असेल. सांगायची पद्धत चुकली असेल.

बोर्डाचंही मनासारखं झालं नाही. मी लिहून दिलं होतं: 'जुन्या रेकॉर्ड्स धुऊन मिळतील. रेकॉर्डमधले नको असलेले आवाज काढून मिळतील.' पेंटर म्हणाला, बाई, फळी संपते, अक्षरं कमी करा. मी विचार करून सांगते म्हणेपर्यंत त्याने 'नको असलेले' गाळून टाकलं. दीर म्हणाला, "वहिनी, हवे असलेले आवाज कोण काढून टाकेल? लोकांना समजतं." आता बोर्डावर आहे: 'रेकॉर्डमधले आवाज काढून मिळतील.' रोज जिना चढताना खटकतं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दुपारी भाऊजींनी खालून हाक मारली. (दिराला मी भाऊजी म्हणते, वयाने माझ्याएवढेच असले तरी.) "वहिनी, खाली या. गिऱ्हाईक तुमचं आहे, जिना माझा आहे, पण गुडघे काकूंचे आहेत."

काकू ऐंशी ओलांडलेल्या. एका कानात यंत्र. मनगटावरचं पुरुषी घड्याळ पट्टा बदलायला उतरवून दिलं होतं. भाऊजींना सांगत होत्या, "पट्टा नवा घाला, बक्कल तेच ठेवा."

"काकू, नव्या पट्ट्याबरोबर नवं बक्कल येतंच."

"येऊ दे. तेच ठेवा."

मग पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. पियानोची, तीन सोनाटा, साठएक वर्षांपूर्वीची. आतला कागदही मूळचा. कव्हरवर पियानोसमोर बसलेला वादक आहे, आणि डाव्या कडेला कुणाचं तरी मनगट आणि कोटाची बाही आली आहे. बाकीचा माणूस कापला गेलाय. हा फोटो मी नापास केला असता.

काकूंनी बोर्ड मोठ्याने वाचला. "म्हणजे एखादाच आवाज काढता येतो? बाकीचं वाजवणं सोडून?"

"येतो. बाकीच्याला धक्का न लावता. तेच तर काम आहे."

"मग मला तेवढा काढून द्या. पहिल्या बाजूला पाच वेळा येतो, टक् असा. मोजलेत मी."

इतकी नेमकी तक्रार करणारं गिऱ्हाईक एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, संगीत त्यांना कळत नाही, दोन मिनिटांत झोप येते. "आमचे हे त्या हॉलमध्ये पियानो लावायचे. सूर बिघडले की ह्यांना बोलावणं. त्या दिवशी तर..." मी मध्येच विचारलं, रेकॉर्ड कशाने पुसायचात? "तेच पुसायचे. कोरडं फडकं. मला हात लावू द्यायचे नाहीत." मी टिपून घेतलं: कोरडं फडकं. बहुतेक धूळ दाबली गेली असणार.

एक तारखेला पुतण्या गाडी घेऊन येणार आहे, काकू कायमच्या त्याच्याकडे राहायला जाणार. तिथे टर्नटेबल नाही, जागाही एका ट्रंकेपुरती. म्हणजे अठरा दिवस आहेत. पुरेत.

त्यांचं बोलणं मी तोडायला नको होतं. पण मुद्द्याची माहिती आधी घ्यावी लागते.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

दोनदा धुतली. दोनदा वाळवली. ऐकली. बाकी रेकॉर्ड आरशासारखी आहे, पाचही टक जागच्या जागी.

वेळा अशा: ०:५४, ३:१०, ५:४१, ७:०२, ९:३७.

यात काहीतरी बसत नाही. रेकॉर्ड एका मिनिटात तेहतीस फेऱ्या घेते. आडवा चरा असेल तर सुई दर फेरीला त्याच्यावरून जाते, म्हणजे दर पावणेदोन-दोन सेकंदांनी टक, टक, टक, अशी रांग लागते. इथे एकच टक, मग मिनिट-दोन मिनिटं काही नाही. आणि टकेच्या आधी किंचित खसखस. धूळ असती तर धुतल्यावर हलली असती. भिंगातून चर पाहिला, डोळे दुखेपर्यंत. दोष दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, हे मी नव्या मुलींना शिकवायचे.

भाऊजी चहा घेऊन वर आले, उभ्याउभ्याच ऐकलं. "स्टील आहे."

"काय स्टील?"

"टक्. स्टील लाकडावर. पितळ असतं तर दबकं वाजलं असतं. दिवसभर हेच ऐकतो मी, वहिनी."

"रेकॉर्ड प्लास्टिकची आहे, भाऊजी. तिच्यात स्टीलही नाही आणि लाकूडही नाही."

"बरोबर आहे. मी आपलं अडाण्याचं मत दिलं," म्हणाले आणि कप ठेवून गेले. टोमणा होता का? नसावा. पण माझा सूर चढा होता हे खरं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

भाऊजींनी ज्यांना मोजेवाले असं नाव ठेवलंय ते गृहस्थ आज आले. रेकॉर्ड्स जमवतात आणि खिशात पांढरे सुती हातमोजे घेऊन फिरतात. माझ्या टेबलावर ही रेकॉर्ड पाहून मोजे घालायचेसुद्धा विसरले, मग आठवून दचकले. म्हणाले, हिच्या दोनशेच प्रती निघाल्या, वर्षभरात वादक वारला, छापणारी कंपनी बुडाली. नुसतं ऐकून होतो, हातात आज पहिल्यांदा घेतोय.

मी टक ऐकवल्या. त्यांचा चेहरा पडला. "ह्या राहिल्या तर दुसऱ्या दर्जाची. काढता आल्या तर बोला."

काकूंना फोन केला. कुणाला द्यायची असल्यास मोजेवाले चांगली सांभाळतील असं सांगितलं. त्यांनी आधी मोजेवाल्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "रेकॉर्ड मग ज्याला हवी त्याला जाऊ दे. तिथे नेऊन मी तरी कशावर लावणार? मला तेवढा आवाज काढून दिलात की झालं."

"काढतेच, काकू."

"नक्की निघेल ना? कुणी म्हणत होतं, निघत नाही."

"निघेल. माझा शब्द."

शब्द द्यायची घाई केली. कारखान्यात चाचणीच्या आधी कुणी निकाल सांगितला तर मी फाडून खायचे.

मंगळवार, २० ऑक्टोबर

सगळं आजच बिघडायचं होतं.

लाकूडकामाचा पांढरा डिंक रेकॉर्डवर पसरून वाळवायचा, मग साल सोलावी तसा ओढायचा, म्हणजे चरातली धूळ त्याला चिकटून येते. हवा इतकी दमट की तीस तासांनी डिंक अजून ओलाच. आज सोलला तर तुकड्यातुकड्यांत आला. चार तास चिमट्याने कपटे वेचले. लावून ऐकलं. टक. खसखस आणि टक. वाकुल्या दाखवल्यासारखी.

ऐकताना शेजारच्या किल्लीवाल्याचं यंत्र सुरू झालं. त्याला जाऊन सांगितलं, दहा मिनिटं थांबा. तो म्हणाला, "बाई, माणूस घराबाहेर कुलपाशी उभा आहे. तुमचं गाणं कुठे पळून जातंय का?"

रेकॉर्डचा आवाज संगणकात नेणारी डबी गेल्या आठवड्यापासून मेलेली आहे. दुरुस्तीवाला रोज 'उद्या' म्हणतो. ती असती तर आधी आवाज संगणकात उतरवून ठेवला असता आणि मग रेकॉर्डला हात लावला असता. नियमच आहे माझा. आधी नोंद, मग हात.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतेय तुझी टक?"

"नाही निघत."

"मग राहू दे की. एवढं ऐकतं कोण?"

"ज्यांची आहे त्या ऐकतात. मोजून पाच."

"तू आणि त्या काकू, सख्ख्या बहिणी शोभाल." तो हसवायला म्हणाला होता. मला हसू आलं नाही, त्याचंही वाईट वाटलं.

बुधवार, २१ ऑक्टोबर

नियम मोडला.

भाऊजींचा सूक्ष्मदर्शक, शिवणाची बारीक सुई, पहिली टक. चराच्या भिंतीवर एक नखाएवढाही नाही असा उंचवटा दिसतोय असं वाटलं. वाटलं, की वाटून घेतलं? डबीची वाट बघायला हवी होती. पण सकाळी दुरुस्तीवाला पुन्हा 'उद्या' म्हणाला आणि माझ्या हातात सुई होती.

टक गेली. तिच्या जागी तीन फेऱ्या भस्, भस्, भस्. पियानोचे दोन सूरही खरवडले गेले. म्हणजे उंचवटा हा दोष नव्हता, तो आवाजाचाच आकार होता. चरात आवाज असाच कोरलेला असतो. हे मला माहीत आहे. हे मी नव्या मुलींना आकृती काढून शिकवते. शिकवायचे.

सुई पाकिटात ठेवली, पाकीट खणात, खणाला कुलूप. कुणाला काही बोलले नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर

डबी आली. तीन दिवसांनी. तीन दिवस आधी आली असती तर, हे वाक्य मी पुरं करणार नाही.

दोन्ही बाजू संगणकात उतरवल्या. उरलेल्या चार टक एकेक करून वेगळ्या केल्या, टक आणि तिच्या आधीची खसखस, दोन्ही. खाली पियानो अखंड राहिला. पहिल्या जागी मी केलेल्या जखमेवर पुढच्या मिनिटातले तसेच सूर आणून ठिगळ लावलं. बेमालूम म्हणता येणार नाही, पण काकूंच्या कानाला कळणार नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून मला बरं वाटलं नाही.

वेगळे केलेले तुकडे टाकून दिले नाहीत. नापास नमुना सहा महिने जपून ठेवायचा, ही कारखान्याची शिस्त अंगात मुरली आहे. संगणकात 'कचरा' नावाचा कप्पा आहे, त्यात ठेवले. पेन ड्राइव्हवर स्वच्छ प्रत काढली. स्वच्छ म्हणजे काचेसारखी.

सोमवार, २६ ऑक्टोबर

काकू घड्याळ न्यायला आल्या. मी हेडफोन घेऊन खाली गेले. त्यांनी कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं, हेडफोन लावला, आवाज मोठा करायला सांगितला. डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट किंचित वर. एक मिनिट झालं, दोन झाली. बोट तसंच. तीन मिनिटं होऊन गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कुठे आहे?"

"काय?"

"आवाज."

"काढला."

"काढलात." मग, "सगळे?"

"पाचही. मागमूस नाही. कितीही ऐका."

त्यांनी हेडफोन उतरवला. केस नीट केले. यंत्र कानात घालायला बराच वेळ लागला. "छान झालंय. स्वच्छ झालंय," म्हणाल्या. "तुमचं यंत्र चांगलं आहे." घड्याळ मनगटावर चढवलं, बक्कल लावलं, त्यावर दुसरा हात ठेवला आणि उभ्या राहिल्या.

पैशाचं विचारलं. मी म्हटलं, मग बघू. पहिल्या जागेचं सांगायचं ओठांवर आलं होतं. भाऊजी समोर होते, एक गिऱ्हाईकही होतं. ही सबब आहे.

त्या गेल्यावर पाहिलं तर पेन ड्राइव्ह काउंटरवरच. विसरल्या. भाऊजी दारापर्यंत धावले, पण त्यांना रिक्षा मिळाली होती.

समाधान दिसलं नाही त्यांच्या चेहऱ्यावर. ठिगळ ऐकू आलं असणार. कमी ऐकणारी माणसं कधीकधी नको तेच नेमकं ऐकतात.

बुधवार, २८ ऑक्टोबर

पेन ड्राइव्ह आणून देऊ का, म्हणून फोन केला. "राहू दे हो," म्हणाल्या. रेकॉर्डचं विचारलं. "न्या म्हणावं त्यांना. आता काय."

मोजेवाले आले. मी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती: 'पहिली बाजू, चौपन्नाव्या सेकंदाला ओरखडा. तो मी केला आहे. बाकी चार टक रेकॉर्डवर तशाच आहेत.' त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. नाहीतर मला कुठे कळणार होतं?"

"ऐकल्यावर कळलं असतं."

"मी ऐकत नाही हो ह्या दर्जाच्या रेकॉर्ड्स. सुई लागली की झिजते. काचेची चौकट करून भिंतीला लावणार."

मोजे घालून घेऊन गेले. पैसे परस्पर काकूंकडे पोचते केले, काकूंचा फोन आला होता भाऊजींना.

पंधरा दिवस मी ज्या टकेशी झटापट केली ती आता भिंतीवर लटकणार, मुकी. मग मी केलं ते कुणासाठी? दिवस निव्वळ चिडचिडीत गेला. किल्लीवाला आज एकदाही यंत्र चालवीना, त्याचाही राग आला.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

भाऊजी दुपारी वर आले. चहा नव्हता हातात. स्टूल ओढून बसले. ते कधी बसत नाहीत.

"काकू आल्या होत्या. बक्कल सैल होतं."

"मला हाक मारायची ना."

"नको म्हणाल्या. तुमचा वेळ घ्यायला नको." मग म्हणाले, "मी बक्कल घट्ट केलं, त्यांनी घड्याळ घातलं, हात काउंटरवर टेकवला. टक् झालं."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"वहिनी, तीच टक आहे."

त्यांनी काकूंना विचारलं, काकूंनी सांगितलं. त्या दिवशी रेकॉर्डिंगला वादकासमोरच्या स्वरलिपीची पानं उलटणारा माणूस आला नव्हता. काकूंचे यजमान सकाळी पियानो लावायला गेलेले, सूर वाचता येणारा तोच एक माणूस समोर, त्यांनाच उभं केलं. दर वेळी नाही, पण हात जरा खाली गेला की मनगटावरचं बक्कल लाकडाला लागे. पाच वेळा लागलं. मधल्या थांब्यात कुणीतरी डोळे वटारले तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. म्हणून दुसरी बाजू स्वच्छ. वादकाला गाडी गाठायची होती, पुन्हा वाजवणं झालं नाही. यजमान घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत लाजेने. पुढे मात्र पाहुणे आले की तीच रेकॉर्ड लावायचे. टक येण्याआधी बोट वर करायचे आणि म्हणायचे, 'हा मी.'

"त्यांचा दुसरा आवाज कशातच नाही, म्हणाल्या. फोटो आहेत. आवाज एवढाच. पुतण्याकडे गेल्यावर ऐकायला म्हणून तेवढा काढून मागत होत्या."

"मग त्यांनी तसं सांगायचं! काढून द्या काय म्हणाल्या?"

"काढूनच तर मागितला. फोटो काढून देतात, उतारा काढून देतात, तसा." भाऊजी एरवी शब्दागणिक दात काढतात. आज हसत नव्हते. "आपण एखाद्याची आठवण काढतो, वहिनी, म्हणजे ती पुसून टाकतो का?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं तर बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. स्टील म्हणालो."

हो. आणि मी म्हणाले होते, रेकॉर्ड प्लास्टिकची आहे.

आता मागचं उलटून वाचतेय. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दर फेरीला येत नाही. टकेच्या आधी खसखस. ती पानाची होती, दुसरं काय असणार. कव्हरवरचं मनगट. 'बक्कल तेच ठेवा.' 'त्या दिवशी तर', आणि त्यापुढे मी विचारलेलं फडकं. सोमवारी त्यांनी वर केलेलं बोट. नोंद मी चोख केली. एकोणीस वर्षं फक्त एवढंच शिकले का, की जे वेगळं ऐकू येतं तो दोष?

बोर्डावरून 'नको असलेले' गाळलं म्हणून पेंटरला शिव्या दिल्या मनातून. त्यात त्याचा काय दोष. फळी संपली होती.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

पहाटे अंथरुणातच आठवलं: कचरा.

दुकान उघडायच्या आधी जाऊन बसले. भाऊजींनी शटर अर्धंच वर केलं आणि तेही वर आले. कप्पा उघडला. चार तुकडे, चारही शाबूत. पियानो बाजूला सारून उरलेलं असं मी ते कधी ऐकलंच नव्हतं, नुसतं बाजूला टाकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं. कागद उचलला जातो, वळतो, आणि टक्. दुसऱ्यात कागद जरा घाईने. चौथ्यात टकेनंतर अगदी बारीक काहीतरी आहे. आवाज वाढवला. माणूस चुकल्यावर जीभ चावतो आणि श्वास आत ओढतो, तसं. 'स्स.'

"ही पानं उलटणाऱ्याची जीभ," भाऊजी म्हणाले. "हे काकूंना माहीत नसणार. पियानोखाली दबलं होतं."

सगळं मिळून चौदा सेकंद. त्यांनी जे मागितलं होतं ते नेमकं हेच, बाकीचं वाजवणं सोडून. चोवीस तारखेपासून तयार होतं. मी त्याला नाव दिलं होतं कचरा.

चार. पहिली टक नाही. ती मी सुईने खरवडली, एकवीस तारखेला, नोंद न करता. ती आता कुठेच नाही, मोजेवाल्यांच्या भिंतीवरही नाही.

नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं, सुईचंसुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुसरीच पुन्हा लाव ना पहिल्या जागी. टक ती टक. त्यांना पाच मिळाल्याशी कारण." तो हे माझ्यासाठी म्हणाला, त्यांच्यासाठी नाही, ते कळतं. खरं सांगायचं तर त्याने म्हणायच्या आधीच मी तो तुकडा उचलून पहिल्या जागी ठेवून पाहिला होता. बेमालूम बसतो. अर्धा तास मी त्या पाच टकांकडे बघत बसले. त्यांच्या कानाला कळणार नाही, हे वाक्य मी याच वहीत आधीही लिहिलेलं आहे, आणि त्यांच्या कानाने तेव्हा काय केलं तेही लिहिलेलं आहे. त्यांनी साठ वर्षं मोजलेत. पहिल्या 'हा मी'ला दुसरा माणूस उभा करू?

पुसला.

भाऊजी म्हणाले, "पहिली त्या स्वतः वाजवतील. बक्कल आहे त्यांच्या हातावर."

"थट्टा करू नका, भाऊजी."

ते थट्टा करत नव्हते.

त्यांच्या खणात एक छोटासा प्लेयर होता, एकच बटण असलेला, कुणी तरी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेला. भाऊजींनी नवा सेल घातला. चार तुकडे त्यात भरले, मध्ये दोन-दोन सेकंद शांतता. वर चिकटपट्टी लावली. काय लिहावं ते सुचेना, मग कोरीच ठेवली. काकूंना फोन लावला. म्हणाल्या, गाडी सकाळी नऊला येणार, ट्रंक बांधून झाली. "काही राहिलंय का तुमचं माझ्याकडे?" मी म्हटलं, तुमचं राहिलंय माझ्याकडे.

उद्या, आठच्या आत: पहिली मी खरवडली हे आधी सांगायचं, मग बटण दाबायचं.